जामाच्या झाडावरची झालर

दिवाळीची झालर, म्हणजे दिव्यांची माळ, देवदिवाळी झाली की उतरवून, गुंडाळून माळ्यावर टाकायची असते, एवढं मलाही कळतं. गेल्या वर्षी मी ती उतरवली नाही. उलट ती पेटती राहावी म्हणून सगळा हिवाळा मी खारींशी भांडत बसलो. माझं वय साठीला टेकलेलं, पीथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलेलं. रुसून बसलेल्या मोठमोठ्या मोटारी मी चालू करून दाखवल्या आहेत. आणि इथे राजेंद्र नगरात, माझ्याच दारात, वीतभर लांबीचं एक जनावर रोज सकाळी माझं नाक कापत होतं. बसायचं जामाच्या झाडावर. जाम म्हणजे पेरू. इंदूरला पेरूला जामच म्हणतात, आणि आमच्या घराण्याच्या इतक्या पिढ्या इथे गेल्यावर माझ्या तोंडून आता पेरू हा शब्द निघतही नाही.

झालर हवी होती ती आईसाठी. आई ऐंशीच्या पुढची. टाळांची पिशवी खांद्याला लावून रोज संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडच्या देवळात भजनाला जायची, एकटी. तिथे निम्म्या बायका मराठी, निम्म्या माळव्यातल्या. एक अभंग झाला की एक हिंदी भजन, अशी वाटणी. आईला दोन्ही पाठ. मागच्या पावसाळ्यापासून ती बाकी सगळं विसरायला लागली होती. गॅस बंद केला का, जेवण झालं का, सुनेचं माहेर स्नेहलतागंजचं की आणखी कुठलं. पण देवळात बसली की एक ओळ चुकायची नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. औषधाने हे मागे फिरणार नाही, फार तर सावकाश वाढेल, असंही ते म्हणाले, आणि जे त्यांना अजून जमतंय ते त्यांचं त्यांना करू द्या, हेही.

तिला अजून जमत होतं ते एवढंच, भजनाला जाणं आणि परत येणं.

त्यातलं परत येणं डगमगायला लागलं. श्रावणात एकदा ती देवळातून आली ती आमच्याकडे नाही, चार घरं अलीकडे एका दारात शिरली. त्यांच्या झोपाळ्यावर बसून आतल्या सुनेला म्हणाली, "पाणी आण गं बाई." तिचा तरी काय दोष? गल्लीतली जुनी घरं पाडून सगळ्यांनी नवी बांधली आहेत, आणि सगळ्यांना एकाच ठेकेदाराने गाठल्यासारखा तोच दगड, तेच स्टीलचं फाटक. मलासुद्धा कधीकधी पुढे जाऊन मागे यावं लागतं. त्या घरच्या भल्या माणसाने तिला हाताला धरून आणून सोडलं. आईला हे इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी माझी बायको सोबत निघाली, तर आई फाटकातूनच मागे फिरली. "मी काय नर्सरीतली पोरगी आहे का, सोडायला नि घ्यायला? जाईन तर एकटी जाईन, नाही तर बंद." आणि खरंच बंद केलं तिने. संध्याकाळी टाळांची पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसायची आणि भिंतीकडे बघत राहायची. ते बघवेना. शेवटी आम्हीच हरलो, एकटी जा म्हणालो, आणि ती येईपर्यंत दोघंही घरात येरझाऱ्या घालायला लागलो.

मग दिवाळी आली. मी महाराणी रोडवरून पिवळ्या दिव्यांची लांबच लांब झालर आणली आणि गॅलरीपासून जामाच्या शेंड्यापर्यंत चढवली. बाकी गल्लीत निळे, हिरवे, लुकलुकणारे दिवे. आमचे पिवळे आणि शांत. त्या संध्याकाळी आई भजनाहून आली ती चक्क हसत. चपला काढता काढता म्हणाली, "लांबूनच दिसलं रे आपलं घर! जामावर दिवे आहेत नं, ते आपलं." दिवाळीभर ती एकदाही चुकली नाही. तिच्या चालण्यात पुन्हा जुनी ऐट आली, सुनेला दोन कामं सांगायला लागली, भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी जाहीर करून टाकलं, आई भजनाला जातेय तोवर ही झालर उतरणार नाही. बायको म्हणाली, "नका उतरवू. मी कुठे म्हणते उतरवा?" खारींना कोणी विचारलं नव्हतं.

देवदिवाळी झाली, गल्लीतले दिवे उतरले, आणि लगेच आमची झालर अर्धी विझली. शिडी लावून बघितलं तर वायर ठिकठिकाणी कुरतडलेली, आतली तार उघडी, फांदीवर प्लॅस्टिकचा बारीक चुरा. खार माझ्यापासून दोन हातांवर बसून, शेपटी उडवत, मलाच शिव्या देत होती. मी जोड दिले, टेप गुंडाळली, खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी तिने टेपसकट दुसरीकडे तोडलं. शेजारचे गृहस्थ फाटकाशी उभे राहून रोजचा हा तमाशा बघायचे. एकदा म्हणाले, "भिया, चूहे की दवा रख दो ऊपर. टंटा ही खतम." मी नाही म्हणालो, पण माझ्या मनात तो विचार आलाच नव्हता असं म्हणणार नाही. शिडीवरून उतरताना गुडघे दुखायला लागले की माणूस फारसा सज्जन राहत नाही.

पण त्या खारी आईच्या होत्या. न्याहारीचे पोहे झाले की ती मूठभर पोहे आणि वर चिमूटभर सेव घेऊन बाहेरच्या कठड्यावर ठेवायची, वर्षानुवर्षांचा नेम. "या गं, या," म्हणायची, की खारी जामावरून सरसर खाली. मी म्हटलं, "आई, तू त्यांना बोलावतेस आणि त्या माझी वायर खातात. थोडे दिवस खायला घालणं बंद कर." तर तिचं उत्तर तयार. "वायर का खातात? पोट भरत नाही म्हणून खातात बिचाऱ्या. मुद्दाम कोण प्लॅस्टिक खातो?" आणि तिने सेव वाढवली. बरं, एकदा घातलं की दहा मिनिटांत ती विसरायची आणि पुन्हा मूठ भरून बाहेर जायची. नऊ वाजेपर्यंत असं चालायचं. इंदूरमध्ये फुकटची सेव मिळते म्हटल्यावर खारी काय, माणसंसुद्धा आली असती. आधी दोन खारी होत्या, आता कठड्यावर पंगत बसायला लागली. ती विसरत होती म्हणून दिवे हवे होते, आणि ती विसरत होती म्हणूनच दिवे टिकत नव्हते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हातात पक्कड घेऊन शिडीवर होतो आणि मला कुणावर रागावावं ते कळेना.

इंटरनेटवर वाचलं की कुरतडणाऱ्या प्राण्यांना तिखट सोसत नाही, वायरीला मिरची चोळा. एक रविवार त्यात घालवला. वाटीभर व्हॅसलिनमध्ये लाल तिखट कालवलं, हातमोजे घातले आणि सगळी झालर माखून काढली. कपाळावरचा घाम पुसताना तेच बोट डोळ्याला लागलं. बायकोने अर्धा तास माझे डोळे धुतले आणि तेवढा वेळ ती हसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खिडकीतून बघत उभे राहिलो. खार आली, वायर हुंगली, चाटली, शिंकल्यासारखं काहीतरी केलं आणि पुन्हा चाटायला लागली. बायको म्हणाली, "अहो, ह्या लवंगी सेवेवर वाढलेल्या आहेत. यांना आता पोह्यांबरोबर तोंडी लावायला झालं." त्याआधी मी एवढा खजील कधी झालो नव्हतो. कुठल्या तरी थंड देशातल्या, बदाम खाणाऱ्या खारींसाठी सांगितलेला उपाय मी आमच्या खारींवर केला होता.

इथवर ते हसण्यावारी नेता येत होतं. मग डिसेंबरातली ती संध्याकाळ आली. मला कारखान्यात उशीर झाला, घरी पोचलो तर झालर पूर्ण काळी. बायको आतमध्ये होती, दिवे केव्हा गेले तिला कळलंही नव्हतं. आईची यायची वेळ उलटून गेली होती. मी देवळात धावलो. पुजारी कुलूप लावत होते. "माताजी तो कब की निकल गईं." मी गल्ल्या धुंडाळल्या, बायको दुसऱ्या बाजूला गेली. आई सापडली पार रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर, एका भाजीच्या गाडीशेजारी. थंडीत नुसत्या साडीवर उभी, पिशवी छातीशी धरलेली. भाजीवालीने तिला पोत्यावर बसायला सांगितलं होतं, पण ती बसली नव्हती. मला बघताच आधी तिचा चेहरा उजळला आणि मग ती कडाडली, "लाइट का बंद केली रे? लाइट बंद असली तर मी कशी येणार?"

काय सांगणार? खार, असं म्हणालो असतो तर तिला वाटलं असतं मी चेष्टा करतोय. "चुकलं आई," म्हणालो. रस्ताभर ती माझा हात इतका घट्ट धरून चालली की बोटं दुखायला लागली, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, ह्या वेळी तिखटाशिवाय.

दुसऱ्या दिवशी मी पिंजरा आणला, उंदरांचा असतो तो. आत सेवच ठेवली. तासाभरात खार आत. शेपटीचं टोक तुटलेली होती, वायरीवर मी नेहमी बघायचो तीच. आईला कळायच्या आत पिंजऱ्यावर पंचा टाकला, गाडीत ठेवला आणि निघालो. जवळ सोडली तर परत येते असं सगळे सांगत होते, म्हणून महू मागे टाकलं आणि थेट मानपूर गाठलं. तिथे घाटाआधी चहाला थांबलो. टपरीवाल्याने पंचा सरकलेला बघून विचारलं, "ये कहाँ ले जा रहे हो भिया?" म्हटलं, "छोड़ने. घर पे बहुत परेशान करती है." तो दूध ढवळत म्हणाला, "इत्ती दूर? फिर घर कैसे ढूँढेगी ये?"

त्याने सहज विचारलं होतं. मला मात्र आधी त्याचा संताप आला. तुला काय करायचंय, चहा दे, असं ओठांवर आलं. मग मी गाडीत येऊन पिंजऱ्याकडे बघितलं. खार कोपऱ्यात बसली होती. सेवेला तोंड लावलेलं नव्हतं. पुढचे दोन्ही पाय जाळीला धरून ती बाहेरचा हायवे बघत होती, ट्रक गेला की अंग चोरत होती. काल संध्याकाळी भाजीच्या गाडीशेजारी मी हेच बघितलं होतं. माझ्या हातून ते दार उघडेना. चहा तसाच टाकून गाडी वळवली आणि ते सगळं अंतर उलटं कापून तिला घरच्या जामाखाली सोडली. ती एका झेपेत वर. बायकोने विचारलं, "सोडली?" म्हटलं, "हो. इथेच." ती हसायला लागली आणि माझा चेहरा बघून थांबली. त्या दुपारी आई कठड्याशी उभी राहून कुणाला तरी विचारत होती, "सकाळपासून कुठे होतीस गं?"

मग मी कारखान्यातल्यासारखं काम काढलं. आधी जामाच्या खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळला, नारळाच्या झाडाला उंदरांसाठी गुंडाळतात तसा. घराला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. सगळी वायर स्टीलच्या लवचिक पाइपात घातली, दर वितीवर भोक पाडून तेवढाच दिवा बाहेर काढला आणि त्याच्याभोवती एम-सील भरलं. रोज संध्याकाळी कारखान्यातून आलो की हेच. संक्रांत त्यात गेली. तोवर आईच्या यायच्या वेळी मी बॅटरी घेऊन जामाखाली उभा राहायचो आणि ती वळणावर दिसली की बॅटरी फांद्यांवर फिरवायचो. लोक बघायचे. बघू देत. तिला तेवढं पुरायचं, कधी थबकून, कधी नुसती उजेडाकडे तोंड करून ती यायची.

माघात झालर पुन्हा चढली. खारींनी पत्र्यावर नखं घासून बघितली, गॅलरीतून उडी मारून बघितली, पाइपाला दात लावून बघितले आणि नाद सोडला. एक दिवा गेला नाही, एक जोड तुटला नाही. शेजारचे म्हणाले, "भिया, तुमने तो कर दिखाया." मी छाती फुगवून फिरलो, खोटं कशाला सांगू. घरात मात्र बरं नव्हतं. आई आता सकाळी कठड्याशी जायची ती रिकाम्या हाताने. कशाला आलो ते न कळून उभी राहायची आणि परत यायची. भजनातल्या एका बाईंनी बायकोला हळूच सांगितलं की आजकाल मावशी नुसते टाळ वाजवतात, भजन म्हणत नाहीत. बायकोने ते मला सांगितलं. मी म्हटलं, येतेय ना घरी? दिवे बघून बरोबर येतेय ना? येत होती. मी त्यालाच धरून बसलो होतो.

होळीच्या आधीची संध्याकाळ. मी गॅलरीत उभा होतो. आई वळणावर दिसली, पिशवी खांद्याला, चाल सावकाश पण सरळ. तिने लांबून दिव्यांकडे बघितलं. तिचा चेहरा खुलला ते मला वरूनही दिसलं. ती नीट चालत आली आणि फाटकाशी थांबली. आत येईना. मान वर करून सगळं झाड, सगळी गॅलरी बघत राहिली. मी खाली गेलो, फाटक उघडलं. तिने पदर सावरून दोन्ही खांद्यांवर घेतला, परक्यांकडे जाताना घेतात तसा.

"लग्नघर वाटतं," ती म्हणाली. "डेकोरेशन फार सुंदर केलंय हो तुम्ही. मुलाचं आहे की मुलीचं?"

मला आधी वाटलं ती थट्टा करतेय. पण ती माझ्याकडे बघत होती ते अगदी अदबीने, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मी म्हटलं, "आई, आत चल." तिने मान हलवली.

"नको हो. कार्याच्या घरी अशी रिकाम्या हाताने कशी येऊ?" मग तिला काहीतरी आठवलं. तिने पिशवीत हात घातला, देवळातला प्रसाद काढला, खडीसाखर आणि दाणे, आणि माझ्या हातावर ठेवला. "हे नवरीला द्या. सुखी राहा म्हणावं. मला निघायला हवं, घरी मुलगा वाट बघत उभा असतो. त्याला वाटतं मला कळत नाही."

तिला जबरदस्तीने आत न्यावं तर ती घाबरेल, जाऊ द्यावं तर कुठे जाईल. मागे दारात बायको येऊन उभी राहिली होती. डोक्यावर सगळे दिवे पेटलेले होते.

"कुठे राहता आपण?" मी विचारलं.

तिने गल्लीच्या पुढच्या टोकाकडे हात केला, जिथे अंधार होता. "तिकडेच. फार लांब नाही."

"चला," मी म्हटलं, "मी सोडतो तुम्हाला."

तिने सोबतीला नाही म्हटलं नाही. मी फाटक लावून घेतलं आणि आम्ही दोघं तिकडे चालायला लागलो.